राजधानी पाहावी फुरसतीने

(मोठ्या शहरांच्या सहली आपण घाईघाईने करतो. खूप पाहतो; पण थोडेच लक्षात राहते. एखादी राजधानी सावकाश कशी पाहावी आणि अशी एक राजधानी आपल्या घराजवळच कशी आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. रेल्वेच्या नोकरीतून ते निवृत्त झाले आहेत. त्यांच्या मुलाने त्यांना युरोपच्या सहलीला पाठवले. नऊ दिवसांत पाच देशांच्या राजधान्या, असा त्या सहलीचा बेत होता. चाचा परत आले तेव्हा गल्लीतली सगळी मुले त्यांच्याभोवती जमली. चाचांनी फोटो दाखवायला सुरुवात केली. एक मनोरा, एक राजवाडा, एक पूल, पुन्हा एक मनोरा! मुले विचारू लागली, "चाचा, हे कोणते गाव?" चाचा फोटोकडे पाहत राहिले. त्यांना आठवेना.

मग एक फोटो आला. त्यात मनोरा नव्हता. नदीकाठचा एक बाक, त्याच्यामागे एक झाड आणि बाकावर बसलेले चाचा. तो पाहताच त्यांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "हे पॅरिस. इथे आमची बस बिघडली होती. दोन तास मी या बाकावर बसून होतो. समोर सीन नदी. काठाच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या. एक म्हातारा पुस्तक चाळत उभा होता. शाळा सुटली, मुले आली, कठड्यावर बसून पाव खाऊ लागली. मला वाटले, आपल्याच गावात बसलो आहे. बेटा, नऊ दिवसांत मी पाच राजधान्या नुसत्या ओलांडल्या. पाहिली ती ही एकच, तीही बस बिघडली म्हणून!"

आम्ही सगळे हसलो. पण चाचांचे म्हणणे मनात राहिले.

फुरसत म्हणजे आळस नव्हे

'फुरसत' हा शब्द तुम्हांला उर्दूतून चांगला माहीत आहे. मराठीतही तो त्याच अर्थाने वापरतात. फुरसत म्हणजे आळस नव्हे. फुरसत म्हणजे मोकळा वेळ. या वेळात आपण पुढच्या कामाची घाई करत नाही. म्हणून समोरची गोष्ट नीट दिसते.

जगातल्या अनेक राजधान्यांमध्ये लोक अशी फुरसत जपतात. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठाने फिरणे हाच मोठा आनंद मानतात. त्या नदीकाठाला १९९१ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तेथील कॉफीगृहात एक पेला कॉफी मागवून लोक वर्तमानपत्र वाचत तासन्‌तास बसतात. त्यांना कोणी उठवत नाही. स्पेनची राजधानी माद्रिद. त्या शहराची सुरुवात नवव्या शतकात झाली. कॉर्डोबाचा अमीर मुहम्मद पहिला याने तेथे एक किल्ला बांधला होता. त्या काळच्या तटाचा काही भाग आजही उभा आहे. त्याच्या पायथ्याशी एक बाग आहे आणि त्या बागेला त्याच अमिराचे नाव दिले आहे. हजार वर्षांहून जुन्या भिंतीजवळ थोडा वेळ बसता येते. त्यासाठी तिकीट लागत नाही; वेळ मात्र लागतो.

तुम्ही म्हणाल, "पॅरिस आणि माद्रिद फार दूर आहेत. आम्ही तर बल्लारपूरचे!" बरोबर आहे. पण मित्रांनो, बल्लारपूर हीसुद्धा एके काळी राजधानीच होती.

आपल्या गावची राजधानी

बल्लारपूर म्हटले की लोकांना कागदाचा कारखाना आठवतो. दगडी कोळशाची खाण आठवते, सागवानाची लाकडे आठवतात आणि रात्रंदिवस गाड्यांनी गजबजलेले रेल्वे स्थानक आठवते. परंतु यांतले काहीही नव्हते, तेव्हाही हे गाव होते. येथे गोंड राजे राज्य करत होते.

या राजांची आधीची राजधानी सिरपूर ही होती. ते गाव आज तेलंगणात आहे. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा झाला. त्याच्या अंगावर गाठी व फोड उठले होते. पुष्कळ उपाय केले, पण गुण येईना. तेव्हा राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धा नदीच्या काठी नवा किल्ला बांधला, असे सांगतात. तोच बल्लारपूरचा किल्ला. राजाच्या नावावरूनच गावाला नाव मिळाले. रेल्वे स्थानकाच्या 'बल्हारशाह' या नावात तर राजाची 'शाह' ही उपाधीही राहिली आहे. गोंड राजांच्या नावापुढे हा फारसी शब्द कसा शोभून दिसतो, पाहा!

आता या राजधानीची सहल कशी करायची? एका दिवसात सारे पाहून टाकायचे नाही. चाचांची चूक आपण करायची नाही. आपण चार सुट्या घेऊ आणि एका सुटीत एकच भाग पाहू.

पहिली सुटी : नदीकाठचा किल्ला

पहिल्या सुटीत कोठेही दूर जायचे नाही. पहाटे उठून बल्लारपूरच्या किल्ल्यात जायचे. उन्हाळा असेल तर सकाळी नऊच्या आत परतायचे. आपल्या जिल्ह्यातले ऊन किती कडक असते, हे तुम्हांला सांगायला नको. हिवाळ्यात मात्र दुपारपर्यंत थांबता येते.

आधी दरवाजे पाहा. किल्ल्याचे दोन दरवाजे आजही उभे आहेत. ते समोरासमोर नाहीत. एकमेकांशी काटकोन करून आहेत. पहिल्या दरवाजातून आत शिरलेल्या माणसाला वळावे लागते, तेव्हाच दुसरा दरवाजा लागतो. असे का केले असेल? पूर्वी दरवाजा फोडण्यासाठी हत्तीची धडक देत. धडक द्यायची तर हत्तीला दुरून धावत यावे लागते. वळणावर धावायला जागाच मिळत नाही. शिवाय वळताना शत्रू अडखळतो आणि तटावरचे सैनिक त्याच्यावर नेम धरू शकतात. एका वळणात केवढी युक्ती आहे! पण घाईने जाणाऱ्याला ते फक्त वळण वाटते.

मग नदीच्या बाजूला जा. तिकडे एक लहान दरवाजा आहे. पाण्यासाठी आणि गुपचूप ये-जा करण्यासाठी किल्ल्यांना असे लहान दरवाजे ठेवत. पाण्याच्या फार जवळ न जाता सावलीत बसा. बरोबर वही-पेन्सिल असू द्या. अर्धा तास काही बोलू नका. पाण्याचा आवाज, पक्ष्यांचे आवाज, दूर मालगाडीचा खडखडाट, जे ऐकू येईल ते लिहा.

आता नदीपलीकडे पाहा. पुलापलीकडच्या वाटेने राजुरा लागते. तो भाग १९४८ सालापर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू होती. म्हणजे वर्धा नदीच्या या काठावर एक राज्य आणि त्या काठावर दुसरे. या काठावर कचेरीत मराठी चाले, तर त्या काठावर उर्दू. पुढे १९५९ साली राजुरा आपल्या जिल्ह्यात आले. आज तुम्ही एकाच वर्गात दोन्ही भाषा शिकता. नदीचे दोन्ही काठ जणू तुमच्या दप्तरात एकत्र आले आहेत!

रेल्वेनेही हे दोन काठ जोडले. १९२९ साली काझीपेठ ते बल्हारशाह हा लोहमार्ग पूर्ण झाला. त्यामुळे दिल्ली आणि मद्रास यांच्यामधला सरळ मार्ग खुला झाला. जुन्या राजधानीला नवे महत्त्व आले.

दुसरी सुटी : चंद्रपूरचा तट

दुसऱ्या सुटीत चंद्रपूरला जाऊ. एस.टी.ने किंवा रेल्वेने हा प्रवास थोड्या वेळाचा आहे. रेल्वेने गेलात तर गाडीच्या थोडे आधी स्थानकावर पोहोचा. बल्हारशाह आणि चंद्रपूर या दोन्ही स्थानकांच्या भिंतींवर कलावंतांनी ताडोबाचे जंगल आणि वाघ रंगवले. २०१८ साली रेल्वेच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत या दोन स्थानकांना मिळून देशात पहिले बक्षीस मिळाले. गाडीची वाट पाहणे हाही फुरसतीचाच वेळ आहे. तो चित्रे पाहण्यात घालवा.

बल्लारपूरहून राजधानी चंद्रपूरला कशी गेली, याची एक गोष्ट सांगतात. खांडक्या बल्लाळशाह शिकारीला निघाला होता. झरपट नदीजवळ त्याला तहान लागली. नदी कोरडी होती. पण एका खळग्यात थोडे पाणी होते. ते पाणी तो प्याला, त्याने हातपाय धुतले आणि त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले. पुढे एकदा त्याला तेथे नवल दिसले. एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राणी म्हणाली, "ही भूमी शूरांची आहे. ससा जिथून धावला, तिथून तट बांधा." असे शहर वसले, असे लोक सांगतात. ही दंतकथा आहे. तिच्यातले खरे किती आणि कल्पनेचे किती, हे ठरवता येत नाही. पण तट मात्र खरा आहे. तो हाताने चाचपून पाहता येतो.

हा तट अकरा-बारा किलोमीटर लांबीचा आहे. तो एका राजाच्या काळात पूर्ण झाला नाही. एकाने पाया घातला आणि पुढच्या पिढ्यांनी काम तडीस नेले. तटाला चार मोठे दरवाजे आहेत. उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेला अंचलेश्वर. याशिवाय पाच लहान दरवाजे आहेत. त्यांना 'खिडकी' म्हणतात. चोर खिडकी, बगड खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी आणि मसण खिडकी अशी त्यांची नावे आहेत. घरातली खिडकी हवा येण्यासाठी असते. तटाची खिडकी माणसे ये-जा करण्यासाठी असते.

इथे तुमच्या ओळखीचे काही शब्द भेटतील. किल्ला, दरवाजा, बुरूज, शहर, मैदान हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. यांतल्या 'बुरूज' शब्दाची एक गंमत आहे. उर्दूत 'बुर्ज' एक आणि 'बुरूज' अनेक. मराठीत मात्र एकालाही बुरूजच म्हणतात! उर्दूत तुम्ही ज्याला 'फसील' म्हणता, त्याला मराठीत 'तट' म्हणतात.

तटावर चढता येते अशा ठिकाणी जाणत्या माणसाबरोबर जा. सगळा तट चालायचा नाही. दोन बुरुजांमधले अंतर सावकाश चाला. तटाच्या एका बाजूला घरे आणि गल्ल्या दिसतात, तर दुसऱ्या बाजूला शेते, झाडी किंवा नवी वस्ती दिसते. जुने शहर कोठे संपत होते, हे पुस्तकात वाचून कळत नाही ते येथे एका नजरेत कळते. पावसाळ्यात इरई नदी फुगली की पुराचे पाणी अडवण्यासही या तटाचा उपयोग झाला. शत्रूसाठी बांधलेली भिंत पाण्यालाही अडवत होती.

उतरल्यावर दरवाजावरचे शिल्प शोधा. हत्तीवर स्वार झालेला सिंह तुम्हांला दिसेल. ते गोंड राज्याचे चिन्ह आहे. जटपुरा दरवाजातून दिवसभर सायकली, रिक्षा आणि मोटारी जातात. हजारो माणसे त्या सिंहाखालून जातात. पण मान वर करून पाहणारा एखादाच! तुम्ही तो एखादा व्हा. वहीत त्याचे चित्र काढा. दुसऱ्या दरवाजावरच्या शिल्पाशी ते ताडून पाहा.

युरोपातील व्हिएन्ना शहरालाही असाच तट होता. १५२९ आणि १६८३ साली तुर्कांच्या वेढ्यांना तो पुरून उरला. परंतु १८५७ साली सम्राटाने तो पाडण्याचा हुकूम दिला आणि तटाच्या जागी एक रुंद वर्तुळाकार रस्ता केला. आज प्रवासी त्या रस्त्यावर ट्रामने फिरतात आणि तटाची कल्पना करतात. चंद्रपुरात कल्पना करावी लागत नाही. आपला तट अजून उभा आहे.

तिसरी सुटी : राणीने बांधलेली समाधी

तिसऱ्या सुटीत अंचलेश्वर दरवाजाकडे जाऊ. तेथे गोंड राजांच्या समाध्या आहेत. सर्वांत मोठी समाधी बीरशाह राजाची आहे. हा राजा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मारला गेला. त्याची राणी हिराई हिने ही समाधी बांधली. तिला मुलगा नव्हता. तिने रामशाहाला दत्तक घेतले आणि तो लहान असताना राज्याचा कारभार स्वतः पाहिला. महाकालीचे देऊळही तिनेच बांधले, असे सांगतात. चैत्र महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. मराठवाडा आणि तेलंगणातून हजारो भाविक येतात.

पत्नीच्या आठवणीसाठी पतीने बांधलेला ताजमहाल सर्वांना माहीत आहे. पतीच्या आठवणीसाठी पत्नीने उभारलेल्या वास्तू त्या मानाने थोड्या आहेत. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा त्याची बेगम हिच्या पुढाकाराने उभा राहिला, असे सांगतात. चंद्रपूरची ही समाधी त्याच मालिकेतली आहे. तेथे भडक नक्षी नाही. एका कोपऱ्यात बसा आणि मोठ्या समाधीभोवतीच्या लहान समाध्यांकडे पाहा. कोणती कोणाची असेल? कोणती आधीची, कोणती नंतरची? दगडाच्या रंगावरून आणि बांधणीवरून तर्क करा. तर्क चुकला तरी हरकत नाही. नीट पाहिल्याशिवाय तर्क करता येत नाही, हाच फायदा!

गोंड राजांचा उल्लेख अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी' या फारसी ग्रंथात केला आहे. चांद्याच्या राजाची आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची बातमी अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचली होती. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. जंगलातली ही राजधानी जगापासून तुटलेली नव्हती.

१७५१ च्या सुमारास नागपूरच्या भोसल्यांनी हे राज्य घेतले आणि १८१८ साली चांदा इंग्रजांच्या ताब्यात गेला. राजवाड्याच्या जागी तुरुंग झाला. इंग्रजांविरुद्ध लढणारे आदिवासी वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाजवळ फाशी देण्यात आले. या कारागृहाच्या आवारातच गैबीशाह वली यांचा दर्गा आहे. एरवी तेथे जाता येत नाही. मोहरमच्या दिवसांत मात्र कारागृहाचे दार लोकांसाठी उघडतात आणि सर्व धर्मांचे लोक दर्शनाला जातात. राजवाडा, तुरुंग, हुतात्म्याची जागा आणि दर्गा, हे सारे एकाच भिंतीआड आहे. एका शहराचा इतिहास असा थरावर थर साचलेला असतो.

चौथी सुटी : अपुरे काम आणि संध्याकाळ

चौथ्या सुटीत चंद्रपूरच्या लालपेठ भागात जाऊ. तेथे उघड्यावर दगडाच्या प्रचंड मूर्ती पडल्या आहेत. दहा तोंडांची दुर्गा, हत्ती, नंदी, मासा, कासव अशा कितीतरी! सर्वांत मोठी मूर्ती तर सुमारे २५ फूट लांब आहे. रायप्पा नावाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला मोठे देऊळ बांधायचे होते. त्यासाठी त्याने मूर्ती घडवायला घेतल्या. पण देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला. काम तेथेच थांबले. राजाचे नव्हे, एका व्यापाऱ्याचे हे स्वप्न होते. पुरे झालेले काम सुंदर दिसते. पण अपुऱ्या कामात कारागिराची पद्धत दिसते. मूर्तीला एक फेरी घाला. हात कोठे पूर्ण झाले आहेत? कोठे छिन्नीच्या खुणा राहिल्या आहेत? एका मूर्तीजवळ अर्धा तास सहज जातो.

संध्याकाळी रामाळा तलावावर या. हा तलाव शहराच्या मधोमध, बगड खिडकीच्या जवळ आहे. मावळत्या सूर्याचा उजेड पाण्यावर पडतो. पक्षी झाडांवर परततात. दिवसभरात काय पाहिले ते एकमेकांना सांगा. शेंगदाणे खा, पण टरफले पिशवीत ठेवा.

पाहणाऱ्यांची जबाबदारी

टरफलांची गोष्ट मी उगीच सांगत नाही. काही वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या तटावर जाण्याची कोणाला इच्छा होत नसे. बुरुजांवर झुडपे माजली होती. लोक घरातला कचरा तटाच्या कडेला टाकत. झाडांची मुळे दगडांच्या फटींत शिरून दगड सरकवत होती. तट शत्रूने पाडला नव्हता. तो आपल्याच दुर्लक्षाने ढासळत होता.

२०१७ साली 'इको-प्रो' या चंद्रपूरच्या संस्थेतील तरुणांनी हातात कुदळ-फावडे घेतले. रोज सकाळी ते तटावर जमत. झुडपे तोडत, माती उपसत आणि कचरा वाहून नेत. हे काम एक-दोन दिवस चालले नाही. सलग दोनशेहून अधिक दिवस चालले. बुरूज मोकळे झाले, पायऱ्या दिसू लागल्या. मग त्यांनी लोकांना तटावरून फिरवून इतिहास सांगायला सुरुवात केली. ज्या वाटेने माणसे फिरतात, तेथे कोणी सहसा कचरा टाकत नाही. म्हणून फिरायला जाणे हेसुद्धा एका अर्थाने राखण करणेच आहे.

ताडोबाचे वाघ पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी आपल्या जिल्ह्यात येतात. त्यांतले पुष्कळजण गाडीच्या काचेतून जुन्या राजधानीचा दरवाजा पाहतात आणि पुढे जातात. त्यांना दोष देऊन काय उपयोग? आपणच तेथे थांबत नसू, तर ते का थांबतील? उद्या एखाद्या पाहुण्याने तुम्हांला विचारले, "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" तर "काही नाही" असे उत्तर देऊ नका. त्याला नदीकाठच्या किल्ल्यात घेऊन जा.

जाताना एवढे लक्षात ठेवा. मोठ्या माणसांबरोबर जा. पाणी आणि टोपी बरोबर घ्या. पडक्या भिंतीवर चढू नका. दगडावर नाव कोरू नका. दर्गा, देऊळ, समाधी जे असेल तेथे आदराने वागा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घाई करू नका.

आमचे चाचा आता रोज सकाळी किल्ल्याकडे फिरायला जातात. परवा त्यांनी गल्लीतल्या मुलांना बरोबर नेले. दोन दरवाजांमधल्या वळणावर ती उभी राहिली. एका लहान मुलाने विचारले, "चाचा, हत्ती इथे कसा वळला असता?" चाचा म्हणाले, "तूच वळून बघ." मग सगळी मुले हत्ती झाली आणि पळत सुटली. वळणावर एकमेकांवर आपटली आणि हसत खाली बसली.

चाचांनी त्यांचा एक फोटो काढला. तो कोणत्या गावचा, हे ते कधी विसरणार नाहीत.

स्वाध्याय

१. चाचांना पॅरिसचा कोणता फोटो आवडला? का?
२. बल्लारपूरच्या किल्ल्याचे दोन दरवाजे काटकोनात का बांधले असावेत?
३. चंद्रपूरच्या तटाचे चार दरवाजे आणि पाच खिडक्या यांची नावे लिहा.
४. 'फिरायला जाणे हेसुद्धा राखण करणेच आहे', असे लेखकाने का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत सांगा.
५. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूजवळ मोठ्या माणसांबरोबर जा. अर्धा तास शांत बसा. जे पाहिले आणि ऐकले, ते दहा ओळींत लिहा.